दार्मादींच्या नावाची चलनं

मंगळवार, पोन (आमच्या पाच दिवसांच्या बाजार-आठवड्यातला दिवस). ३ जून

माझ्या मेलेल्या नवऱ्याने सिग्नल तोडला आहे. पोलिसांचं तसं पत्र आलं आहे, फोटोसकट. श्री. दार्मादी यांनी केपोह चौकात लाल दिवा असताना दुचाकी पुढे नेली, तरी आठ दिवसांत येऊन खुलासा करावा. ते खुलासा करायला येणार असतील तर मलाही त्यांच्याशी चार गोष्टी बोलायच्या आहेत.

पोस्टमन आला तेव्हा मी एका नवरीच्या कबायाला, लग्नातल्या लांब पोलक्याला, बटणं लावत होते. पत्र वाचून आधी हसू आलं, मग येईना. हे जन्मात कधी लाल दिव्यातून गेले नाहीत. रस्त्यावर कुत्रं नसलं तरी थांबायचे. कोपऱ्यावरचा मुल्यो, गाड्या दुरुस्त करतो तो, त्यांना 'सिग्नलचा खांब' म्हणायचा. अशा माणसाला मेल्यावर चलन!

गाडी मी ते गेल्यावर तीन महिन्यांनी विकली. मूत्रपिंडाच्या आजारात घरात होतं नव्हतं ते संपलं होतं. गिऱ्हाईक मुल्योनेच आणलं, मी बघितलंसुद्धा नाही. नाव बदलायच्या भानगडीत आमच्याकडे कोणी पडत नाही. गाडी तीन-चार हात फिरते आणि कागदावर पहिल्या मालकाचंच नाव राहतं, मालक असो वा नसो. पत्रं मात्र कागदावरच्या नावाला येतात.

फोटो पहाटेचा, काळपट. पण गाडी हिरवी आहे ते कळतं. मागे दोन्ही बाजूंना भाजीच्या टोपल्या, चालवणाऱ्याचं तोंड फडक्याने बांधलेलं. आणि सीटवर मी शिवलेलं तपकिरी मखमलीचं कव्हर. फेकलं नाही अजून.

ह्यांचं ओळखपत्र मी बटणांच्या डब्यात ठेवलं आहे. फोटोही त्यातच टाकला. बाहेर ठेवला असता तर चुरगळला असता.

बुधवार, वागे. ४ जून

गल्लीचे प्रमुख पाक सर्जोनो यांना पत्र दाखवायला गेले आणि पस्तावले. आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाला पाक म्हणतात, बाईला बू. त्यांना कॅमेरा हा शब्द नुसता ऐकवला की झालं.

"बू विजी, तो कॅमेरा नाही, सरकारी पाकीटमार आहे! खांबावर बसून खिसे कापतो."

मी म्हटलं, "पण त्या चौकात अपघात किती व्हायचे, पाक. हे नोकरीला होते त्या शाळेतल्या शिपायाचा पाय तिथेच मोडला."

"व्हायचे, कबूल. पण आता काय होतंय? दिवा पिवळा झाला की लोक घाबरून कचकन ब्रेक मारतात. परवा मी मारला, तर मागच्याने माझ्या गाडीचं बूड चेपलं. आधी बाजूने ठोकायचे, आता मागून ठोकतात. एवढीच काय ती सुधारणा!"

त्यांच्या बायकोने आतून आवाज दिला, "मागून ठोकलेले घरी चालत येतात. बाजूने ठोकलेल्यांना आणावं लागतं." पाक सर्जोनोंनी चहाचा घोट घेतला आणि विषय बदलला.

संध्याकाळी सुराबायाहून निंग्रुमचा फोन. लेक हुशार आहे, पण माझीच आई असल्यासारखी बोलते. "आई, गाडी विकली असं मोबाइलवर कळवून टाक. ते गाडी ब्लॉक करतील, मग ज्याची त्याने निस्तरावी. दोन मिनिटांचं काम आहे."

उद्या करते म्हटलं. उद्या कबाया द्यायचा आहे, परवा बघू.

शुक्रवार, पोन. १३ जून

दुसरं पत्र आलं. पोस्टमनच्या गाडीचा आवाज ओळखू यायला लागला आहे. मोजपट्टी गळ्यात तशीच, एका पायात चप्पल, अशी मी फाटकापर्यंत धावले. लोकांना वाटलं असेल बाईला प्रेमपत्र येतंय.

तोच चौक, तीच पहाटेची वेळ, त्याच टोपल्या. ह्या खेपेला फोटोच्या कडेला एका ट्रकचे दिवे दिसतात. मेरापी ज्वालामुखीवरून वाळू घेऊन उतरणारे ट्रक ते. पोटभर वाळू भरलेल्या ट्रकला ब्रेक लावून थांबवणं म्हणजे बैलाला शेपटीने धरणं.

हा माणूस मरणार. ह्यांच्या गाडीवर, मी शिवलेल्या सीटवर बसून मरणार. मला रात्री दोनदा जाग आली. कोणी मरू नये त्या गाडीवर. तेवढंच मला हवं आहे, दुसरं काही नाही.

मुल्योला गाठून दटावलं तेव्हा बोलला. "माणूस नाही, बू, बाई आहे. कार्सी नाव. बोयोलालीच्या डोंगरातून भाजी घेऊन येते, लेगीच्या बाजारात बसते. स्वभावाने गरीब आहे, ओरडू नका तिला."

ओरडणार म्हणजे ओरडणारच.

रविवार, क्लिवोन. १५ जून

ओरडले.

बाजारात सकाळी सातला पोचले तर माल जवळजवळ संपत आलेला. कार्सी पस्तिशीची, काटक, टोमॅटोच्या ढिगामागे पाय दुमडून बसली होती. मी ह्यांचं नाव सांगितलं तशी तिचं तोंड उतरलं.

"बू, गाडी परत न्यायला आलात?"

"गाडी कशाला नेऊ? तुझा जीव न्यायला यम येणार आहे, तो घेऊन जाईल गाडीसकट!" आणि मी दोन्ही फोटो टोमॅटोंवर आपटले. "हा सिग्नल काय तुझ्या माहेरचा आहे? वाटेल तेव्हा तोडायला?"

तिने फोटो उचलून खूप वेळ पाहिले. "हे कोणी काढले?"

"कॅमेऱ्याने. केपोह चौकात."

"तिथे कॅमेरा आहे?"

दोन आठवडे तो कॅमेरा तिचे फोटो काढतोय, आणि जिचे काढतोय तिला पत्ताच नाही. पत्रं सोलोतल्या एका मेलेल्या माणसाच्या घरी जातात. शेजारच्या पथारीवरची पैनाह, मिरच्यांवाली, जाडजूड आणि हसरी बाई, ती पुढे झाली. "मलाही दाखव. अय्या, कार्सी, फोटोत बारीक दिसतेस!"

मी म्हटलं, "हसा, हसा. ट्रक दिसतोय का मागचा?"

मग कार्सी हळू आवाजात बोलली. "बू, मी थांबायचे आधी. गेल्या वर्षी लाल दिवा होता म्हणून थांबले. एकटीच होते. दोघे आले, कोयता दाखवला, पैशाची पिशवी कमरेवरून कापून नेली. दिवा लालचा लालच होता तोवर. त्या चौकात पहाटे थांबलेली बाई म्हणजे खुंटाला बांधलेली शेळी. तेव्हापासून मी थांबत नाही. आम्ही कोणीच थांबत नाही."

ट्रकचं भय मला, कोयत्याचं तिला. मी आले होते शहाणपण शिकवायला, आणि दोन किलो गाजरं आणि नको असलेला कोबी घेऊन घरी आले.

सोमवार, लेगी. १६ जून

पोलिसांच्या खिडकीवर गेले. मुलगा तरुण होता, नम्र. "मालक स्वतः आलेत का, बू?"

"ते वारले."

त्याने फोटो पाहिला, मग मला पाहिलं. "कधी?"

"फोटोच्या आधी."

बिचारा लाजला. म्हणाला, गाडी विकली असेल तर तसं लिहून द्या, नाव काढून टाकतो. मी म्हटलं, विकली नाही, घरातलीच बाई चालवते. तोंडातून कसं निघालं कोणास ठाऊक. दंड भरला आणि आले. नाहीतर गाडी ब्लॉक झाली असती आणि तिचं पोट गाडीवर आहे.

निंग्रुमला सांगितलं, ब्लॉक केलं. तिने शाबासकी दिली.

रविवार, वागे. २९ जून

कार्सी घरी आली होती, चवळीच्या शेंगा घेऊन. मी सोयाबीनचं तेम्पे तळलं, गोड चहा केला. दर रविवारी माल संपला की येते आता. तिचं हेल्मेट ती खुर्चीवर ठेवते, तिथे ह्यांची टोपी असायची. गाडी अंगणात उभी राहते तेव्हा बरं वाटतं. अंगण रिकामं बरं दिसत नाही.

एक चांगलं झालं. मी मागे तिला म्हटलं होतं की एकट्या शेळीला लांडगा धरतो, कळपाला नाही. तेव्हापासून डोंगरातून येणाऱ्या बायका चौकाच्या अलीकडे पेट्रोल पंपाच्या उजेडात एकमेकींसाठी थांबतात आणि घोळक्यानेच पुढे निघतात. लाल दिवा लागला की आठ-दहा जणी चिकटून उभ्या. कार्सी म्हणते, "तिकडून कोणी आलाच तर पैनाह एकटी पुरे, नुसती अंगावर पडली तरी मरेल."

पैनाह मात्र कधी थांबते, कधी नाही. म्हणते, "मला कुठे आलंय पत्र? माझी गाडी त्या कॅमेऱ्याला दिसतच नसेल. जुनी आहे ना." सगळ्या हसतात म्हणे.

मग कार्सीने कपातल्या चहाकडे बघत विचारलं, "बू, गाडी माझ्या नावावर करून घेऊ का? मी साठवलेत त्यासाठी. चुकले तर मला कळायला हवं ना. त्यांचं ओळखपत्र लागेल आणि तुमची सही."

मी म्हटलं, "ओळखपत्र कुठे ठेवलंय आठवत नाही गं. घर पालथं घातलं मागे. आणि घाई काय आहे? पत्र आलं की मी सांगेन की तुला."

ती लगेच हो म्हणाली. समजूतदार पोर आहे. ओळखपत्र नंतर शोधेन सावकाश.

दोन आठवडे पत्र नाही. म्हणजे थांबते आहे. छानच झालं. पोस्टमनला आज विचारलं, टपाल हरवतं का कधी? तो म्हणाला, नाही. बरं.

मंगळवार, पोन. ८ जुलै

पत्र आलं!

कार्सी एकटीच आहे फोटोत. उशीर झाला असेल, घोळका पुढे गेला असेल. लाल दिवा, आणि ही भरधाव. ह्या वेळी फोटो स्वच्छ आला आहे, गाडीचा आरसासुद्धा दिसतो. आरशाचा दांडा ह्यांनी तारेने बांधला होता, ती तार अजून आहे.

दंड भरून आले.

रविवारी ती येईल तेव्हा सांगेन.

रविवार, पोन. १३ जुलै

सांगितलं नाही. ती इतकी आनंदात होती, भावाच्या मुलाचं नाव ठेवलं म्हणून गोड भात घेऊन आली होती. भरल्या ताटावर कशाला? आणि आता सांगितलं की पुन्हा नावाचा विषय निघणार. एकदाच तर झालं आहे. पुढच्या वेळी सांगेन. डबा भरत चालला आहे, बटणांसाठी दुसरा बघायला हवा.

गुरुवार, पाहिंग. १७ जुलै

घरी आल्या आल्या लिहिते आहे.

सकाळी पाक सर्जोनो फाटकात आले, पायजम्यावरच. "बू, केपोह चौकात वाळूच्या ट्रकने उडवलं. भाजीवाली बाई होती म्हणे. लाल दिव्यातून निघाली होती."

मला पुढचं ऐकू आलं नाही. मी म्हणाले, "हिरवी गाडी होती का?" ते म्हणाले, माहीत नाही. मी म्हणाले, "हिरवी होती का ते सांगा ना!" आणि मी त्यांच्या अंगावर ओरडले, आमच्या गल्लीच्या प्रमुखांवर. त्यांनी गाडी काढली आणि मला बसवलं. वाटेत दिवा पिवळा झाला तसे थांबले. मागच्याने हॉर्न मारला. त्यांनी त्याला शिवी दिली नाही, कॅमेऱ्यालाही नाही.

रस्त्यावर मिरच्या पडल्या होत्या. सगळीकडे लाल मिरच्या.

पैनाह होती. कार्सी नाही, पैनाह. मला आधी हायसं वाटलं. देवा, मला हायसं वाटलं. मग फुटपाथवर ट्रकचा ड्रायव्हर दिसला, डोकं गुडघ्यात घालून रडत होता. त्याचा दिवा हिरवा होता. त्याला काय बोलणार?

पैनाह जिवंत आहे. उजवा पाय गुडघ्याखाली काढला.

शुक्रवार, पोन. १८ जुलै

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात पैनाहचा नवरा आणि कार्सी बसले होते. पैनाहची गाडी कागदावर क्लातेनच्या एका माणसाची, पोलिसांनी नंबरावरून त्याला शोधून बोलावलेलं. तोही तिथे उभा होता, हातात टोपी. त्याला तिच्या नावाची, म्हणजे त्याच्याच नावाची, पाच चलनं आली होती. त्याने घरात कुठेतरी ठेवून दिली. "माझी गाडी नाही, मला काय करायचंय, असं वाटलं," म्हणाला. "ती कोण ते मला माहीत नव्हतं."

मी त्याला बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. "पाच वेळा कळलं होतं तुम्हाला! पाच वेळा! एकदा तरी शोधायचं होतं तिला! कागद घरात ठेवून माणूस वाचतो का?" तो मान खाली घालून ऐकत होता. पैनाहचा नवराच शेवटी म्हणाला, "जाऊ द्या, बू. त्यांना काय माहीत."

कार्सीने माझा हात धरला. "नशीब, माझी पत्रं तुमच्याकडे येतात," ती म्हणाली. "तुम्ही सांगता तरी."

मी तिच्याकडे बघू शकले नाही. त्या क्लातेनच्या माणसाला ती कोण ते माहीत नव्हतं. मला माहीत होती. मी तिच्या हातचा गोड भात खाल्ला होता.

घरी येऊन डबा उघडला. तिला तो जुलैचा फोटो दाखवला नाही आणि ते ओळखपत्र हरवलेलं नव्हतं, हे इथे तरी लिहिते. ते पहिल्या दिवसापासून बटणांखाली होतं. मला वाटलं होतं, पत्रं येत राहिली तर काय बिघडलं. पोस्टमनने दारात येऊन 'पाक दार्मादी?' असं हाक मारल्यासारखं विचारलं की मला हो म्हणता यायचं. दुसरं कोणी त्यांचं नाव घेत नाही आता. निंग्रुमसुद्धा 'बाबांचं आजारपण' म्हणते, बाबा म्हणत नाही.

कार्सीला फोन केला. फोटोचं सांगितलं, ओळखपत्राचंही. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिवशी माझं पोट बिघडलं होतं, बू, म्हणून उशीर झाला." आणि मग, "तुम्ही मला ओरडायला हवं होतं. पहिल्यांदा कशा ओरडलात, टोमॅटो फुटले माझे."

"उद्या ओरडते," मी म्हटलं. दोघी रडलो.

गुरुवार, वागे. २४ जुलै

गाड्यांच्या कार्यालयात मोठी रांग. कार्सीने केस विंचरून घट्ट अंबाडा घातला होता, लग्नाला निघाल्यासारखा. खिडकीतल्या बाईने मृत्यूचा दाखला पाहिला, माझी सही घेतली, ह्यांचं ओळखपत्र घेतलं.

"नातं?"

"पत्नी."

"हे कार्ड परत मिळणार नाही हं, बू. मृत व्यक्तीचं आम्ही जमा करून घेतो."

मी मान हलवली. तिने कार्ड एका ड्रॉवरमध्ये टाकलं, आणखी कितीतरी कार्डांवर. मग ती म्हणाली, "नवीन मालकाचं नाव?" आणि कार्सी रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपलं पूर्ण नाव म्हणाली, "कार्सीयेम!" लोक हसले. तीही हसली.

बाहेर आल्यावर ती कागद हातात धरून उभी राहिली. "आता चुकले तर माझ्याच दारात येईल. नवरा वाचेल आणि घर डोक्यावर घेईल." मग म्हणाली, "पैनाह बरी झाली की तिच्या लेकाच्या गाडीचंही हेच करू. तुम्ही याल ना बरोबर?"

येईन म्हटलं.

तिने मला घरी सोडायला गाडीवर घेतलं. हेल्मेट बळजबरीने घातलं, पट्टाही तिनेच लावला. दिवसाची वेळ, केपोह चौकात ही गर्दी. लाल दिवा लागला आणि कार्सी पांढऱ्या रेषेच्या मागे थांबली. मी मान वर करून खांबावरच्या कॅमेऱ्याकडे पाहिलं. इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. एवढासा डबा. आता त्याने कितीही फोटो काढले तरी ह्यांच्या नावाने एकही येणार नाही. पोस्टमन आमच्या फाटकासमोरून सरळ निघून जाईल. मी कार्सीच्या खांद्याला धरलं.

दिवा हिरवा झाला.

"थांब जरा," मी म्हटलं.

ती थांबली. मागून सगळ्यांनी हॉर्न मारायला सुरुवात केली. कोणीतरी ओरडलं, "ओ ताई, झोपलात का?" कार्सीने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"बू, हिरवा झालाय. जाऊ?"

मी डोळे पुसले.

"जा," म्हटलं.